इन्हेलर, नाकाचा स्प्रे आणि आयुर्वेदिक औषधे एकत्र घेताना : तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

अ‍ॅलर्जीची सर्दी किंवा दमा असलेली व्यक्ती आयुर्वेदिक औषधांकडे वळते तेव्हा बहुधा दोनच चुका होतात. चूर्ण, काढा, नस्य (नाकात औषधी तेल सोडणे) आणि प्राणायाम एकाच दिवशी सुरू केले जातात; आणि पंधरा दिवसांत बरे वाटू लागले की इन्हेलर, म्हणजे घराघरांत ज्याला ‘पंप’ म्हणतात तो, परस्पर बंद केला जातो. यातील फसगत अशी की, श्वासातून घेतलेल्या स्टेरॉइडचा परिणाम ते थांबवल्यानंतरही काही दिवस ते काही आठवडे टिकतो. या काळात वाटणारा आराम पंपाचा असतो, श्रेय मात्र चूर्णाला मिळते. श्वासनलिकेची सूज हळूहळू परतते आणि पुढच्या सर्दीत किंवा धुळीच्या दिवसांत अचानक धाप लागते.

खालचे टप्पे ही फसगत टाळण्यासाठी आहेत. त्यांचा क्रम बदलू नये.

## टप्पा १ : आजार कोणता आहे, हे आधी पक्के करा

‘मला अ‍ॅलर्जी आहे’ हे निदान नव्हे. सतत वाहणारे नाक नाकाच्या वाकड्या पडद्यामुळे किंवा सायनसच्या जंतुसंसर्गामुळेही असू शकते. कोरडा खोकला आम्लपित्तामुळे किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळेही येतो. अशा खोकल्यावर अडुळसा आणि अ‍ॅलर्जीची गोळी जोडीने घेत राहिल्यास महिने वाया जातात.

मुख्य प्रश्न असा की, त्रास फक्त नाकात आहे की छातीतही आहे. अ‍ॅलर्जीच्या सर्दीसोबत दमा असणे अगदी सामान्य आहे आणि बऱ्याच जणांना तो असल्याचे माहीतही नसते. रात्री किंवा पहाटे खोकल्याने जाग येणे, जिना चढताना छातीत घुरघुर होणे, हसल्यावर खोकल्याची उबळ येणे, यांपैकी काही असेल तर स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून करायची श्वासाची चाचणी, करून घ्यावी. श्वासनलिका रुंदावणारे औषध दिल्यानंतर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा १२ टक्के आणि २०० मिलिलिटर किंवा त्याहून अधिक वाढली, तर ते दम्याकडे निर्देश करते. त्रास नाकापुरता असेल तर प्रयोगाला थोडी मोकळीक असते. दमा असेल तर ती फार कमी असते.

तपासा : त्वचेवरील अ‍ॅलर्जी चाचणी करायची असेल तर ती नवे औषध सुरू करण्यापूर्वी उरकून घ्यावी. चाचणीआधी अ‍ॅलर्जीच्या गोळ्या साधारण आठवडाभर बंद ठेवण्यास सांगतात. ज्याचे घटक माहीत नाहीत असे चूर्ण त्या काळात चालू असेल तर निष्कर्षावर विसंबता येत नाही.

## टप्पा २ : एकच यादी तयार करा

डॉक्टरांना काढ्याबद्दल सांगायचे नाही आणि वैद्यांना पंपाबद्दल सांगायचे नाही, ही सवय सोडल्याशिवाय पुढे जाऊ नये. एका कागदावर सध्या चालू असलेले सर्व काही लिहावे आणि तोच कागद दोघांना दाखवावा.

यादीत औषधाचे केवळ नाव पुरेसे नाही, घटकही लिहावेत. ‘खोकल्याचे आयुर्वेदिक सिरप’ या नोंदीतून काहीच कळत नाही. ‘अडुळसा, ज्येष्ठमध, पिंपळी, तुळस’ या नोंदीतून सर्व कळते. रोजचा काढा, चघळायच्या गोळ्या, नाकात सोडायचे तेल, वाफाऱ्यात टाकायचे थेंब, च्यवनप्राश, झोपेसाठी किंवा ताकदीसाठी घेतलेल्या कॅप्सूल हेही यादीत यावे, कारण लोक यांना औषध समजत नाहीत आणि नेमके तेच सांगायचे राहून जाते. रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड, रक्त पातळ करण्याची औषधे, गर्भारपण, काचबिंदू आणि प्रोस्टेटचा त्रास यांची नोंद वेगळ्या ओळीत करावी. टप्पा ४ मध्ये तिचा उपयोग होईल.

सावधान : घटक, बॅच क्रमांक आणि उत्पादकाचा परवाना क्रमांक नसलेली पुडी यादीत न घालता बाजूला काढावी. अशा काही पुड्यांमध्ये छुपे स्टेरॉइड आढळल्याची उदाहरणे आहेत. जुनाट धाप काही तासांत पळवणारी, भूक व वजन वाढवणारी आणि चेहरा सुजवणारी पुडी संशयास्पद मानावी. मात्र ती अनेक आठवडे घेतली असेल तर एकदम बंद करू नये. शरीराने स्वतःचे स्टेरॉइड तयार करणे मंदावलेले असू शकते आणि अचानक थांबवणे जिवावर बेतू शकते. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जावे.

## टप्पा ३ : मूळ उपचार चार आठवडे नीट घ्या

हा टप्पा कंटाळवाणा वाटतो, म्हणून बहुतेक जण तो वगळतात. ‘अ‍ॅलोपॅथीने फरक पडला नाही’ असे सांगणाऱ्या अनेकांच्या बाबतीत औषध चुकीचे नसते, ते घेण्याची पद्धत चुकलेली असते.

नाकातील स्टेरॉइड स्प्रे हा शिंक आली की मारायचा नसतो. तो रोज घ्यावा लागतो आणि त्याचा पूर्ण परिणाम दिसण्यास दोन आठवड्यांपर्यंत वेळ लागतो. डोके किंचित पुढे झुकवावे, उजव्या नाकपुडीसाठी डावा हात आणि डाव्या नाकपुडीसाठी उजवा हात वापरावा, म्हणजे फवारा मधल्या पडद्यावर न जाता बाहेरच्या बाजूला जातो. पडद्यावर रोज फवारा बसला की नाकातून रक्त येते आणि लोक स्प्रेला दोष देतात. फवारल्यानंतर जोरात हुंगू नये. औषध घशात उतरते आणि वाया जाते.

चोंदलेले नाक क्षणात मोकळे करणारे थेंब, म्हणजे झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन, हे वेगळे औषध आहे. ते तीन ते पाच दिवसांपलीकडे वापरल्यास नाक उलट अधिक चोंदते.

पंपाच्या बाबतीत फवारा देणारा आणि कोरडी पावडर देणारा असे दोन प्रकार असतात आणि त्यांच्या श्वासाची पद्धत उलट असते. फवाऱ्याच्या पंपात श्वास सावकाश आणि खोल घ्यावा, शक्यतो स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावून. पावडरच्या पंपात तो जोरात आणि झटकन घ्यावा. दोन्हींत नंतर सुमारे दहा सेकंद श्वास रोखावा आणि स्टेरॉइडचा पंप असेल तर चूळ भरून पाणी थुंकावे.

या चार आठवड्यांत रोज दोन नोंदी ठेवाव्यात. नाक वाहणे, चोंदणे, शिंका आणि खाज यांना प्रत्येकी ० ते ३ गुण द्यावेत. एकूण १२ पैकी आकडा मिळतो. दमा असेल तर पीक फ्लो मीटरचे (श्वास किती वेगाने बाहेर पडतो ते मोजणाऱ्या छोट्या उपकरणाचे) सकाळ-संध्याकाळचे आकडेही लिहावेत. तब्येत उत्तम असताना येणारा सर्वांत मोठा आकडा ही आपली पातळी समजावी; त्याच्या ८० टक्क्यांवर ठीक, ५० ते ८० टक्क्यांमध्ये सावध, ५० टक्क्यांखाली तातडीची वेळ. पुढे कोणत्या औषधाचा गुण आला, हे या वहीवरूनच ठरणार आहे.

सावधान : एक वाक्य एका दमात बोलता न येणे, ओठ निळसर होणे, तात्पुरत्या आरामाचा पंप घेऊनही धाप न उतरणे, किंवा अंगावर गांधी उठून घसा आवळल्यासारखा होणे, अशा वेळी काढा, वाफारा किंवा छातीला तेल यांत एक मिनिटही घालवू नये. थेट रुग्णालय गाठावे. तात्पुरत्या आरामाचा पंप आठवड्यातून दोनपेक्षा अधिक वेळा लागत असेल तर दमा आटोक्यात नाही असे समजावे आणि टप्पा ४ पुढे ढकलावा.

## टप्पा ४ : कोणते औषध आपल्याला चालणार नाही, ते पाहा

‘आयुर्वेदिक आहे, अपाय होणार नाही’ हे विधान आयुर्वेदाच्या ग्रंथांतही सापडणार नाही. तिथे मात्रा, काळ, प्रकृती आणि निषिद्ध अवस्था यांचाच विचार अधिक आहे. श्वसनाच्या तक्रारींसाठी वापरल्या जाणाऱ्या काही द्रव्यांची आधुनिक औषधांशी थेट गाठ पडते, म्हणून ती एकेक करून पाहू.

ज्येष्ठमध. घशाला आराम देते, म्हणून महिनोन्‌महिने चघळले जाते. त्यातील ग्लिसिरायझिनमुळे शरीरात मीठ व पाणी साठते, रक्तदाब चढतो आणि रक्तातील पोटॅशियम उतरते. सालब्युटामॉलचे (तात्पुरत्या आरामाच्या पंपातील औषध) मोठे डोस, थिओफायलिन (श्वासनलिका रुंदावणारे औषध), तोंडाने घेतलेले स्टेरॉइड आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्याही पोटॅशियम उतरवतात. हे सगळे एकत्र आले की स्नायू गळून जातात आणि हृदयाचे ठोके बिघडतात. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी ते नियमित घेऊ नये.

पिंपळी, मिरी आणि त्रिकटू (सुंठ, मिरी व पिंपळीचे मिश्रण). यांतील पायपरिन काही औषधांचे शोषण वाढवते आणि यकृतातील त्यांचा निचरा मंदावते. थिओफायलिनची रक्तातील पातळी त्यामुळे वाढू शकते. या औषधात उपयोगी आणि विषारी मात्रेतील अंतर मुळातच थोडे असते. मळमळ, हाताला कंप, धडधड ही लक्षणे दिसल्यास ‘उष्ण पडले’ असे म्हणून सोडून देऊ नये. स्वयंपाकातील चिमूटभर मिरीची ही गोष्ट नाही; रोज ग्रॅमच्या मापाने घेतलेल्या चूर्णाची आहे.

अडुळसा. यातील व्हॅसिसिनवरून ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे औषध तयार झाले आणि अ‍ॅम्ब्रोक्सॉल त्याच घराण्यातले. म्हणजे अडुळशाचे सिरप आणि ब्रोमहेक्सिनचे सिरप एकत्र घेणे म्हणजे एकच काम दोघांना देणे होय. दोन्हींपैकी एक ठेवावे. गर्भाशयाचे आकुंचन घडवण्याचा गुण असल्यामुळे गरोदरपणात अडुळसा टाळावा.

कनकासव. यात धोतरा असतो. धोतऱ्यातील द्रव्ये तोंड कोरडे पाडतात, लघवी अडवतात आणि डोळ्यातील दाब वाढवू शकतात. क्लोरफेनिरामिनसारख्या जुन्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्या आणि इप्राट्रोपियम, टायोट्रोपियम हे पंपही त्याच दिशेने काम करतात. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी हा योग टाळावा. शिवाय आसव-अरिष्टांमध्ये आंबवण्यातून तयार झालेला मद्यार्क असतो, आणि गुंगी आणणाऱ्या गोळीसोबत तो घेऊन वाहन चालवणे धोक्याचे आहे.

सोमलता. यात एफेड्रिन असते. स्यूडोएफेड्रिन असलेल्या सर्दीच्या गोळ्या किंवा सालब्युटामॉल यांच्या जोडीला ती घेतल्यास धडधड आणि रक्तदाब दोन्ही वाढतात.

रसौषधी. श्वासकुठार रसात पारा, मनःशिळा म्हणजे आर्सेनिकचे संयुग, आणि बचनाग ही विषारी वनस्पती असते. अशी औषधे स्वतःच्या मनाने, दुसऱ्याची जुनी चिठ्ठी पाहून किंवा ऑनलाइन मागवून घेऊ नयेत. मुले, गरोदर स्त्रिया आणि हृदयाचे ठोके अनियमित असणारे यांनी तर मुळीच नाही.

पुष्करमूळ आणि कुष्ठ. ही दोन्ही द्रव्ये सूर्यफुलाच्या कुळातील आहेत, आणि गाजर गवतही त्याच कुळातले. या कुळातील अनेक वनस्पतींत त्वचेची अ‍ॅलर्जी घडवणारी सारखी रसायने आढळतात. गाजर गवतामुळे ज्यांच्या अंगाला खाज सुटते किंवा चट्टे उठतात, त्यांनी ही दोन नावे घटकांच्या यादीत शोधावीत. अ‍ॅलर्जीच्या औषधानेच अ‍ॅलर्जी वाढल्याचा हा प्रकार सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

हळद, गुळवेल, अश्वगंधा. भाजीतील हळद वेगळी आणि शोषण वाढवण्यासाठी पायपरिन मिसळलेली हळदीच्या सत्त्वाची कॅप्सूल वेगळी. अशा सत्त्वामुळे, तसेच गुळवेल व अश्वगंधेमुळे काही व्यक्तींच्या यकृताला इजा झाल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असताना हळदीचे सत्त्व टाळावे. प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे घेणाऱ्यांनी किंवा स्वयंप्रतिकार आजार असणाऱ्यांनी गुळवेल टाळावी. अश्वगंधा थायरॉइडची पातळी बदलू शकते आणि सेटिरिझिन या अ‍ॅलर्जीच्या गोळीची गुंगी वाढवू शकते.

सितोपलादी आणि तालीसादी चूर्ण. सितोपलादीत ३१ भागांपैकी १६ भाग खडीसाखर असते. तालीसादीत साखरेचे प्रमाण त्याहूनही अधिक असते. मधुमेह असणाऱ्यांनी ते मधासोबत दिवसातून तीनदा घेण्याआधी हा हिशेब करावा. एक वर्षाखालील बाळाला मध कोणत्याही औषधासोबत देऊ नये.

धुराचा उल्लेख येथेच करतो. श्वासनलिका संवेदनशील असताना औषधी धूपनही धूरच असतो; त्याने जंतू मरोत वा न मरोत, दमा भडकतो. वाफाऱ्यात कापूर टाकणेही टाळावे, आणि लहान मुलांच्या आसपास तर कापूर नकोच. तो पोटात गेल्यास झटके येऊ शकतात.

## टप्पा ५ : एका वेळी एकच बदल करा

वरच्या चाळणीतून जे उरले, त्यातील एकच गोष्ट निवडावी. सर्वांत सुरक्षित सुरुवात औषधाने नव्हे, तर मिठाच्या पाण्याने नाक धुण्याने, म्हणजे जलनेतीने होते. श्वसनाचे सावकाश व्यायाम हाही चांगला पर्याय आहे. त्यांनी दम्याच्या रुग्णाचे दैनंदिन जीवन सुधारते, श्वासनलिकेची सूज मात्र त्यांनी उतरत नाही, म्हणून ते पंपाची जागा घेत नाहीत. कपालभाती आणि भस्त्रिका धाप असताना करू नयेत. जलद श्वासाने नळ्या आणखी आवळू शकतात.

निवडलेली एक गोष्ट किमान दोन, शक्यतो चार आठवडे करावी, बाकी काहीही बदलू नये आणि वहीतील आकडे पाहावेत. मगच दुसरी गोष्ट जोडावी. अ‍ॅलर्जीची इंजेक्शने म्हणजे इम्युनोथेरपी चालू असेल तर डोस वाढवण्याच्या काळात नवे आयुर्वेदिक औषध सुरू करू नये, कारण अंगावर पुरळ आले तर ते कशाने आले, हे कोणालाच सांगता येणार नाही. इंजेक्शनच्या दिवशी अर्धा तास दवाखान्यात थांबण्याचा नियम तर कशासाठीही मोडू नये.

## टप्पा ६ : दिवसाचा क्रम बसवा

१. उठल्यावर, कोणतेही औषध घेण्याआधी, पीक फ्लोचा आकडा लिहावा.

२. स्टेरॉइडचा पंप घ्यावा आणि चूळ भरावी.

३. जलनेती करावी. अर्धा लिटर पाण्यात सपाट पाऊण लहान चमचा, म्हणजे सुमारे साडेचार ग्रॅम, साधे मीठ घातल्यास ०.९ टक्के द्रावण होते. पाणी किमान एक मिनिट खळखळ उकळून कोमट होऊ द्यावे. नळाचे न उकळलेले पाणी नाकात कधीही घेऊ नये, कारण त्यातून मेंदूला संसर्ग करणारा, दुर्मिळ पण बहुतेकदा जीवघेणा अमीबा जाऊ शकतो. कान दुखत असेल किंवा नाक पूर्ण बंद असेल तर त्या दिवशी नेती टाळावी. नंतर पुढे वाकून पाणी निथळू द्यावे. दोन्ही नाकपुड्या दाबून शिंकरू नये.

४. दहा-पंधरा मिनिटे थांबून मग नाकाचा स्प्रे घ्यावा. उलट केल्यास नुकतेच मारलेले औषध पाण्यासोबत वाहून जाते. ही चूक मला सर्वांत जास्त वेळा ऐकायला मिळते.

५. चूर्ण किंवा काढा आणि इतर गोळ्या यांत एक ते दोन तासांचे अंतर ठेवावे. फेक्सोफेनाडिन ही अ‍ॅलर्जीची गोळी साध्या पाण्यासोबतच घ्यावी, कारण फळांच्या रसाने तिचे शोषण घटते. मात्र अंतर ठेवल्याने सर्व प्रश्न सुटतात असे समजू नये. पायपरिनचा यकृतावरील किंवा ज्येष्ठमधाचा पोटॅशियमवरील परिणाम दोन तासांच्या फरकाने टळत नाही.

६. नस्य करायचे असेल तर ते स्प्रेपासून काही तास दूर, संध्याकाळी करावे. तेलाचा थर असलेल्या नाकात पाण्यातील औषध नीट पसरत नाही. रोजच्या प्रतिमर्श (अल्प मात्रेच्या) नस्यासाठी प्रत्येक नाकपुडीत दोन थेंब पुरेत. घशात आलेले तेल गिळू नये, थुंकावे. झोपण्याच्या तोंडावर, ताप असताना, जेवल्यावर लगेच किंवा धाप असताना नस्य करू नये. तेल श्वासावाटे फुप्फुसात उतरल्यास न्यूमोनियाचा एक हट्टी प्रकार होतो. गिळण्यास त्रास असणाऱ्या वृद्धांना आणि लहान मुलांना म्हणूनच घरी नस्य देऊ नये.

## टप्पा ७ : ठरलेल्या दिवशी तपासणी करा

चार ते सहा आठवड्यांनी वही घेऊन बसावे. नाकाचे गुण आणि पीक फ्लो यांत फरक नसेल तर ते औषध थांबवावे. ‘आतून फायदा होत असेल’ हा युक्तिवाद स्वीकारू नये. पोटात घेण्याचे औषध दोन-तीन महिने चालणार असेल तर रक्तदाब, पोटॅशियम आणि यकृताच्या चाचण्या केव्हा कराव्यात, हे डॉक्टरांना विचारावे. गडद लघवी, डोळे पिवळे होणे, अन्नावरची वासना उडणे किंवा अंगाला अकारण खाज सुटणे यांपैकी काहीही दिसल्यास चूर्ण-काढे त्याच दिवशी थांबवावेत आणि दवाखान्यात जावे. माँटेलुकास्ट ही दमा-अ‍ॅलर्जीची गोळी चालू असताना वाईट स्वप्ने, चिडचिड किंवा निराशा जाणवल्यास तेही लगेच सांगावे. असे बदल मुलांमध्ये अनेकदा ‘औषधाची उष्णता’ म्हणून दुर्लक्षिले जातात.

## टप्पा ८ : कमी करायचेच असेल तर या क्रमाने

नाकाचा स्प्रे असो वा पंप, डोस कमी करण्याचा निर्णय ज्याने तो लिहून दिला त्याच्यासोबत घ्यावा. दमा किमान तीन महिने पूर्ण आटोक्यात असल्यास स्टेरॉइडच्या पंपाचा डोस साधारणपणे २५ ते ५० टक्क्यांनी उतरवतात आणि पुढची घट पुन्हा सुमारे तीन महिन्यांनी करतात. सर्दी झालेली असताना, परागकणांच्या ऋतूत, प्रवासाच्या तोंडावर किंवा गरोदरपणात ही सुरुवात करू नये. ज्या आठवड्यात डोस कमी केला, त्या आठवड्यात नवे चूर्ण सुरू करू नये आणि जुने बंदही करू नये. तात्पुरत्या आरामाचा पंप मात्र दोन्ही वेळचे औषध कमी झाले तरी जवळ ठेवावा आणि त्यावरील मुदत संपण्याची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी. रात्रीचा खोकला परतला किंवा पीक फ्लो आपल्या पातळीच्या ८० टक्क्यांखाली दोन दिवस राहिला, तर आधीच्या डोसवर परत जावे आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटावे.